पडद्यावरची पांढरी टोपी

परवा गंगापूर रोडवरच्या एका बँकेत गेलो होतो. दारातच टोकन देणारं यंत्र आणि त्याच्या पोटावर सेलोटेपने चिकटवलेली चिठ्ठी : 'पैसे काढण्यासाठी चौकशीचे बटण दाबावे. पैसे काढण्याचे बटण दाबू नये.' माझ्यापुढे एक आजोबा होते. त्यांना पैसे काढायचे होते, म्हणून बिचाऱ्यांनी पैसे काढण्याचं बटण दाबलं. त्यावर गार्ड खेकसला, "वाचता येत नाही का आजोबा? एवढी चिठ्ठी लावलीय!"

माझं डोकं सणकलं. म्हटलं, "अरे बाबा, त्यांनी वाचलं म्हणूनच तर ते बटण दाबलं! चूक त्यांची की हे यंत्र बनवणाऱ्याची?" आणि आजोबा मलाच समजावायला लागले, "जाऊ द्या हो, माझंच चुकलं." हे ऐकून तर मी आणखीच भडकलो. काम न करताच बाहेर पडलो आणि रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं, की हा राग मूळचा माझा नाहीच. तो विधाते मॅडमचा. त्यांना जाऊन आता कितीतरी वर्षं झाली, पण राग अजून माझ्याकडेच आहे.

नव्वदच्या दशकात नाशिकजवळ अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमची एक लहानशी कंपनी होती. विजेच्या सबस्टेशनसाठी कॉम्प्युटरचे पडदे बनवायची. म्हणजे काय, तर तोवर सबस्टेशनच्या कंट्रोल रूममध्ये भिंतीएवढं लोखंडी पॅनेल असायचं. प्रत्येक लाइनला एक हँडल, एक लाल दिवा आणि एक हिरवा. हँडल फिरवलं की बाहेर यार्डातला ब्रेकर पडायचा, म्हणजे लाइन तुटायची आणि त्या लाइनवरच्या गावांची वीज जायची. हे सगळं आम्ही पडद्यावर आणत होतो. पडद्यावर लाइनींचा नकाशा, ब्रेकरच्या जागी एक चौकोन, आणि हँडलऐवजी माऊस. त्या पडद्यावर काय दिसावं, कुठे दिसावं, कुठल्या रंगात दिसावं, हे ठरवायचं काम प्रमिला विधाते यांचं. त्यांनी ठरवलेलं प्रोग्रॅममध्ये बसवायचं काम माझं.

अंगाने किरकोळ, आवाज मात्र भोंग्यासारखा. सुती साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट, कारण सबस्टेशनच्या खडीत चपला टिकत नाहीत. लूनावर यायच्या आणि लूना लावता लावताच कुणाशी तरी भांडण सुरू झालेलं असायचं. वडिलांचा मखमलाबादच्या बाजूला फुलांचा आणि भाजीचा मळा. लहानपणी इतका झेंडू तोडला होता, की दसऱ्याला कुणी संगणकाला हार घालायला लागलं की त्या उठून व्हरांड्यात जायच्या. पण बाजारातलं एक शहाणपण त्यांनी मळ्यातूनच आणलं होतं. कुणी फार नटवलेला पडदा दाखवला की म्हणायच्या, "पाटीत वर ताजी फुलं आणि खाली शिळी भरतात ना, तसला माल आहे हा. उचला."

त्यांची दोन-तीन वाक्यं आम्हाला पाठ होती. "सगळं सुरळीत असताना पडदा कंटाळवाणा दिसला पाहिजे," हे एक. त्यांचा पडदा करडा असायचा, मळकट म्हणावा इतका. रंग फक्त जिथे लक्ष जायला हवं तिथे. दुसरं म्हणजे, "माणूस चुकला असं मला सांगू नका, त्याला तुम्ही काय दाखवलं होतं ते सांगा." आणि तिसरं चिठ्ठीबद्दल. कुठल्याही कंट्रोल रूममध्ये गेल्या की त्या आधी भिंती बघायच्या. हँडलखाली, दिव्याशेजारी, कुठे कागद चिकटवलाय का. "जिथे चिठ्ठी लावावी लागते तिथे करणारा नापास," असं म्हणून तिथल्या साहेबासमोरच नाक मुरडायच्या. साहेबाला वाटायचं आपल्यालाच नापास केलं. तेही खोटं नसायचंच म्हणा.

असल्या बाईचं आमच्या सबनीस साहेबांशी पटणं शक्यच नव्हतं. सबनीस विक्री बघायचे. त्यांना पडदा म्हणजे लग्नाची पत्रिका वाटायची. एकदा त्यांनी फर्मान काढलं, की ट्रान्सफॉर्मरचं चित्र पडद्यावर फिरतं दाखवा, गोल गोल, ग्राहकावर छाप पडते. मॅडमनी शांतपणे विचारलं, "साहेब, तुम्ही ट्रान्सफॉर्मर बघितलाय?"

"म्हणजे काय, बघितलाय की!"

"तो फिरायला लागला तर आपण सगळ्यांनी पळायचं असतं."

सगळा हॉल हसला. सबनीस हसले नाहीत. ते त्यांनी मनात ठेवलं, हे आम्हाला पुढे कळलं.

मॅडमना गप्प बसता येत नसे, आणि त्यांच्या कामात गप्प बसणं तर फार लागायचं. पडदा तयार झाला की त्या खऱ्या सबस्टेशनवरचा ऑपरेटर बोलावून घ्यायच्या, स्वतःच्या खुर्चीवर बसवायच्या, कपबशीतून चहा द्यायच्या आणि म्हणायच्या, "चालवा." मग स्वतः मागे हात बांधून उभ्या. त्याला काहीही सांगायचं नाही, बोट दाखवायचं नाही. हे जमावं म्हणून तोंडात एक लवंग धरायच्या. लवंग आहे तोवर बोलायचं नाही, असा स्वतःला घालून घेतलेला नियम. ऑपरेटर भलतीकडेच क्लिक करत राहायचा, मॅडमचा चेहरा लालबुंद व्हायचा, पण तोंड मिटलेलं. तो गेल्यावर लवंग थुंकून सगळा जाळ आमच्यावर.

"त्याला ते बटण सापडलं नाही. का नाही सापडलं?"

"मॅडम, त्यांना कॉम्प्युटरची सवय नाही."

"आणि तुम्हाला माणसांची नाही! हलवा ते बटण."

चांदवडच्या बाजूच्या एका सबस्टेशनवर खैरनार तात्या नावाचे ऑपरेटर होते. कडक इस्त्रीची पांढरी टोपी, जाड मिशा आणि बोलणं असं की सगळा जिल्हा त्यांच्याच जिवावर उजळतोय. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा तात्या बोडके बसले होते आणि भलतेच चिडचिडे. टोपी पॅनेलवरच्या एका हँडलला अडकवलेली. मॅडमनी विचारलं, "तात्या, टोपी तिथे कशाला?"

"माणूस तारंवर हाय."

"त्यासाठी पाटी असते ना, 'माणसे कामावर आहेत' म्हणून?"

"पाटी हाय की, ती बघा खाली. पाटी कोणीबी काढंल. पाटी राह्यली काय अन् पडली काय, मला कळनार नाय." मग टकलावरून हात फिरवत म्हणाले, "टोपीबिगर मला चैन पडत नाय, ताई. लाज वाटती. म्हनून मी इसरतच नाय. माझं डोकं उघडं हाय तवर कोनीतरी वर हाय. तो खाली आला की मी टोपी घालतो. माझ्या हातून आजवर एक बी गडी गेला नाय, लिहून घ्या."

मॅडम त्या टोपीकडे बघतच राहिल्या. परतीच्या एसटीत त्या एक शब्द बोलल्या नाहीत, आणि तेही लवंगेशिवाय. नाशिकला उतरताना म्हणाल्या, "भालेराव, एवढी चांगली गोष्ट मला आयुष्यात सुचली नसती."

मग आम्ही ती टोपी पडद्यावर काढली. लाइनवर माणूस चढणार असेल तर ऑपरेटरने त्या चौकोनावर एक छोटी पांढरी टोपी ठेवायची. टोपी आहे तोवर ती लाइन चालू करायचा हुकूम कॉम्प्युटर घेणारच नाही, आणि ज्याने ठेवली त्यानेच ती काढायची. शिवाय बंद करायचं बटण वेगळं, चालू करायचं वेगळं, आणि दोन्हींना 'नक्की ना?' असा एक प्रश्न. तात्यांना नाशिकला आणून दाखवलं. तात्यांनी टोपी ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. मग स्वतःच्या डोक्यावरची चाचपून बघितली. "इस्त्री बरी केली हाय," एवढंच म्हणाले. मॅडम त्या दिवशी आम्हा सगळ्यांना मिसळ खायला घेऊन गेल्या.

इथवर सगळं छान होतं. इथून पुढचं सांगताना आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

परदेशी भागीदार येणार होते आणि त्यांना नमुना दाखवायचा होता. मॅडम त्याच वेळी साइटच्या कामाला बाहेरगावी होत्या. सबनीसांनी आमच्यातल्या दोघांना हाताशी धरून पडदा बदलून घेतला. करड्याच्या जागी निळी चमकदार पार्श्वभूमी. दोन बटणांच्या जागी एकच, एकदा दाबलं की बंद, पुन्हा दाबलं की चालू. 'नक्की ना?' काढून टाकलं, कारण पत्रकावर छापायचं होतं, 'एका क्लिकवर सारे काही'. टोपी काढून टाकली. "ग्राहकाला टोपी घालतोय असं वाटेल," म्हणून स्वतःच खो खो हसले. आणि सगळ्यात शेवटी रंग. चालू लाइन हिरवी, बंद लाइन लाल.

मॅडम परत आल्या तोवर हाच पडदा तात्यांच्या सबस्टेशनवर बसवून झाला होता. त्या सबनीसांच्या केबिनमध्ये शिरल्या. दार उघडंच राहिलं, आणि बंद असतं तरी काही फरक पडला नसता.

"अहो, सिग्नलला हिरवा म्हणजे जा! शेंबड्या पोरालाही कळतं," सबनीस म्हणत होते.

"सिग्नलला हिरवा म्हणजे धोका नाही! यार्डातही हिरवा म्हणजे धोका नाही, लाइन मेलेली आहे, चढ. लाल म्हणजे जिवंत तार, हात लावलास तर मरशील. त्या माणसांनी सगळी नोकरी हेच बघितलंय. शेजारच्या पॅनेलवर आजही हेच दिवे आहेत. एकाच खोलीत, एकाच लाइनला, तिकडे लाल आणि इकडे हिरवा? तुम्ही अक्कल कुठे गहाण ठेवलीय?"

"विधाते, आवाज खाली. ते जुनं पॅनेल निघणारच आहे. ऑपरेटरला ट्रेनिंग देऊ. आणि पडद्याखाली एक पट्टी चिकटवू, हिरवा म्हणजे चालू, लाल म्हणजे बंद. झालं?"

मी दारातून बघत होतो. आयुष्यभर ज्या बाईने चिठ्ठ्या बघून नाकं मुरडली, तिच्या पडद्याला आता कंपनीच चिठ्ठी लावणार होती. त्या बाहेर आल्या, जागेवर बसल्या आणि संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मात्र रोज सकाळी सबनीसांच्या दारात उभ्या : "रंग कधी बदलताय?" साहेब कधी फोनवर, कधी मुंबईला, कधी नुसतेच बघून न बघितल्यासारखे.

पट्टी लागली. ट्रेनिंगही झालं, म्हणजे एक माणूस जाऊन वडा खाऊन आला.

कांदा काढणीचे दिवस होते. त्या सकाळी सबस्टेशनवर जुनं पॅनेल काढायला ठेकेदाराची माणसं आली होती, म्हणून पॅनेलवरचे दिवे बंद. तात्यांकडे होता तो फक्त पडदा. एका लाइनवर पहाटेपासून काम चालू होतं, त्यामुळे टोपी डोक्यावर नव्हती. पण हँडलं आता राहिली नव्हती आणि पडद्यातली टोपी सबनीसांनी खाऊन टाकली होती. म्हणून तात्यांनी आपली खरी टोपी मॉनिटरलाच अडकवली होती, खालच्या कोपऱ्यात. नेमकी पट्टीवर.

एवढ्यात बाळू गांगुर्डे या लाइनमनने वॉकीटॉकीवर दुसरी लाइन बंद करून मागितली. तात्यांनी क्लिक केलं. लाइन बंद झाली. पडद्यावरचा चौकोन लाल झाला.

लाल! सगळी नोकरी ज्यांनी लाल म्हणजे जिवंत तार असं बघितलं, त्यांना काय वाटणार? हुकूम गेलाच नाही, लाइन अजून चालू आहे. त्यांनी पुन्हा क्लिक केलं. चौकोन हिरवा झाला. तात्यांनी नीट बघितलं, खात्री केली आणि मग बाळूला सांगितलं, "लाइन मेली रे. चढ."

बाळू शिस्तीचा गडी, म्हणून वाचला. तारेला हात लावण्याआधी त्याने नियमाप्रमाणे अर्थिंगची, म्हणजे तारेतली वीज जमिनीत उतरवणारी, दांडी तारेला लावली. जाळ उठला. जीव राहिला, पण उजवा हात कोपरापर्यंत भाजला आणि बोटं कायमची वाकडी झाली. मॅडम सिव्हिलमध्ये त्याला बघून आल्या आणि ऑफिसच्या जिन्यात बसून रडल्या. आम्ही सगळे होतो तिथे. त्यांनी पदर डोळ्याला लावला नाही की तोंड फिरवलं नाही, आमच्यासमोरच रडल्या, रागाने.

तात्यांना निलंबित केलं. चौकशी बसली. आमच्या कंपनीचं म्हणणं काय, तर यंत्रणा निर्दोष आहे! ब्रेकर हुकमाप्रमाणे पडला, हुकमाप्रमाणे लागला, पडद्याने खरं तेच दाखवलं. सूचना ठळक लावलेली होती आणि ऑपरेटरने ती स्वतःच्या टोपीने झाकली. ऐका! ज्या टोपीने त्या माणसाने जन्मभर लोकांना जपलं, तीच त्याच्यावर पुरावा म्हणून ठेवली. आणि हे सांगायला सबनीस सूट घालून आले होते.

चौकशी नाशिकला ग्राहकाच्या, म्हणजे वीज मंडळाच्या ऑफिसात होती. पडदा बनवणाऱ्या म्हणून मॅडमना आमच्या बाजूला बसवलं होतं. जाण्याआधी सबनीसांनी बजावलं होतं, "तुम्ही फक्त बसायचं. काही विचारलं तर मी बोलेन." मॅडमनी मान हलवली आणि पर्समधून लवंग काढून तोंडात टाकली. मी मागच्या रांगेत होतो. समोर तात्या बोडके बसलेले, कारण टोपी टेबलावर पुरावा होती. मान खाली. सारखा हात टकलाकडे जायचा. जन्मात कुणापुढे न दबलेला तो बढाईखोर माणूस पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता, "माझंच चुकलं, साहेब."

चौकशीचे अध्यक्ष मोठे अभियंते होते, निवृत्तीला आलेले, तरुणपण सगळं सबस्टेशनांत काढलेले. सबनीसांनी त्यांच्यासमोर नमुन्याचा पडदा मांडला होता, आपलं काम किती सोपं आहे ते दाखवायला. ते म्हणाले, "सर, एका क्लिकचं काम आहे. यात चुकायला मुद्दाम चुकावं लागेल."

मॅडमनी तोंडातली लवंग काढली, बशीत ठेवली आणि उभ्या राहिल्या.

"विधाते, बसा," सबनीस दातांतून म्हणाले.

"साहेब," त्या अध्यक्षांना म्हणाल्या, "एकच विनंती आहे. आपण स्वतः एक लाइन बंद करून बघा. मी काही बोलणार नाही. पट्टी काढून ठेवते, कारण त्या दिवशी ती झाकलेली होती."

अध्यक्ष हसले. "एवढंच ना?" त्यांनी चष्मा चढवला, माऊस धरला, एक चौकोन निवडून क्लिक केलं. चौकोन लाल झाला. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "गेलं नाही वाटतं," असं पुटपुटून त्यांनी पुन्हा क्लिक केलं. हिरवा झाला. ते मागे टेकून बसले. "हां. झाली बंद."

मला वाटतं त्यांना स्वतःलाच आधी कळलं, कारण माऊसवरचा हात त्यांनी हळूच उचलून घेतला.

"साहेब," मॅडम म्हणाल्या, "बाळूचा हात असाच जळला."

तात्यांनी मान वर केली. मग मॅडम जे बोलल्या ते सगळं मला शब्दशः आठवत नाही. सूर आठवतो. "हे आम्ही दाखवलं म्हणून झालं. चूक ह्या टोपीची नाही, आमच्या कंपनीची आहे, आणि सांगूनही बदललं नाही ही त्याहून मोठी. ह्या माणसाला गुन्हेगारासारखं बोडकं का बसवलंय? आधी त्याची टोपी त्याला द्या!" शेवटी अध्यक्षांनी स्वतः टेबलावरची टोपी उचलून तात्यांना दिली. तात्यांनी ती घातली नाही. मांडीवर धरून बसले.

तुम्हाला वाटेल, आता न्याय झाला. कसला न्याय! अहवाल आला तो असा : सूचनेकडे दुर्लक्ष झाले, सबब यापुढे सूचना मोठ्या अक्षरांत लावावी. म्हणजे चिठ्ठी आणखी मोठी करा! वाचून मॅडम इतक्या हसल्या, की हसता हसता कपाळावर हात मारून घेतला. अध्यक्षांनी एवढं केलं, की तात्यांना ताकीद देऊन कामावर घेतलं. आणि काही आठवड्यांनी कुणी कुणाला न सांगता सगळ्या साइटवरचे रंग पूर्ववत झाले, 'नक्की ना?' परत आलं, टोपीही परत आली. चूक झाली होती असं मात्र कुणी तोंडातून काढलं नाही. नंतरच्या पत्रकात टोपीचं चित्र झळकलं, 'आमचे खास सुरक्षा चिन्ह' म्हणून, आणि खाली सबनीसांची सही. त्यांना बढती मिळून ते पुण्याला गेले. मॅडमवर ठपका आला, ग्राहकासमोर कंपनीची बदनामी केली असा, आणि त्यांचं टेबल स्टोअरच्या शेजारी हलवलं. माहितीपुस्तिका लिहायचं काम दिलं. एका सकाळी त्यांनी लूना लावली, कुणाशी भांडल्या नाहीत, वर जाऊन राजीनामा ठेवला आणि आल्या तशा गेल्या.

पुढे त्या घरूनच छोटी-मोठी कामं करायच्या. एका दवाखान्याचे पडदे, पाणीपुरवठ्याचे पंप. भेटल्या की तोच जोर. त्यांच्या सोसायटीच्या लिफ्टला कुणीतरी चिठ्ठी लावली, तर तीन मजले चढून त्यांनी सेक्रेटरीला गाठलं होतं.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते तात्यांच्या निवृत्तीच्या समारंभात. दोन हजार साल उलटून गेलं होतं. सबस्टेशनच्या आवारात मांडव, खुर्च्या, मुंबईहून आलेले साहेब. बाळूही आला होता. आता तो ऑफिसात बसून काम करायचा, वाकड्या बोटांनी पाण्याचे पेले वाटत होता. मॅडम एसटीने आल्या, साडी आणि तेच पांढरे बूट, खूपच खंगलेल्या. आजार असल्याचं तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. त्या शेवटच्या रांगेत बसल्या. भाषणांमध्ये सुरक्षेचं कौतुक झालं, टोपीच्या चिन्हाचं झालं, कंपनीचं झालं. त्यांचं नाव कुणी घेतलं नाही. मी चुळबुळ करायला लागलो तर त्यांनी माझा हात दाबला. तोंडात लवंग होती.

शेवटी तात्यांना फेटा बांधायची वेळ आली. आणि तात्या नाही म्हणाले. व्यासपीठावर बोडके बसले होते ते तसेच.

"अहो, बांधून घ्या," मुंबईचे साहेब घड्याळ बघत म्हणाले.

"सायेब, माझी शेवटची पाळी हाय. एक गडी वर हाय. तो खाली आला की बांधू."

"दोन मिनिटांचं तर काम. फोटो होऊ द्या."

"नाय."

कुजबूज झाली. कुणीतरी हसलं. फेटा घेऊन उभा असलेला माणूस अवघडला. साहेब चिडून काही बोलणार एवढ्यात मागून तोच भोंग्यासारखा आवाज आला, "थांबा की जरा! माणूस खाली येऊ दे!"

सगळ्यांनी वळून बघितलं. मॅडम उठल्या होत्या. कुणाकडे न बघता खडीतून चालत त्या कंट्रोल रूममध्ये गेल्या. मांडवाला लागूनच तिची उघडी खिडकी होती, आतलं सगळं दिसत आणि ऐकू येत होतं. आत नवा ऑपरेटर बसलेला, पुढे तो करडा, कंटाळवाणा पडदा, त्याच्या खाली एकही चिठ्ठी नाही, आणि एका चौकोनावर त्याने ठेवलेली एवढीशी पांढरी टोपी. मॅडम त्याच्या मागे हात बांधून उभ्या राहिल्या. तशाच उभ्या राहिल्या. इकडे मांडवात सगळे साहेब ताटकळत बसले, फेटा हातातच राहिला, चहा निवला.

मग वॉकीटॉकी खरखरली. ऑपरेटरने उत्तर दिलं, त्याचा हात माऊसवर गेला आणि पडद्यावरची टोपी नाहीशी झाली.

मॅडम खिडकीकडे वळल्या आणि त्यांनी हात वर केला. तात्यांनी इकडे मान वाकवली, "बांधा."